स्वयंप्रकाशन

स्वयंप्रकाशन म्हणजे लेखकाने प्रकाशनसंस्थेवर अवलंबून न राहता आपले पुस्तक स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध करणे होय. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, किंमत, वितरण आणि विक्री यांविषयीचे सर्व निर्णय अशा वेळी लेखकाकडे असतात. तोटा झाल्यास तो लेखकालाच सोसावा लागतो आणि नफा झाल्यास तोही त्याचाच असतो. मराठीत कवितासंग्रह, आत्मचरित्रे, स्थानिक इतिहास, कुलवृत्तान्त आणि चळवळींच्या पुस्तिका यांचा मोठा भाग या मार्गाने प्रसिद्ध झालेला आहे. संगणकीय अक्षरजुळणी आणि थोड्या प्रतींची डिजिटल छपाई यांमुळे पुस्तक छापणे सोपे झाले. ते चांगले संपादित करणे आणि वाचकापर्यंत पोहोचवणे ही कामे मात्र पूर्वीइतकीच अवघड राहिली आहेत.

## संज्ञा आणि व्याप्ती

पुस्तक प्रसिद्ध होण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिल्यात प्रकाशक खर्च करतो, पुस्तक विकतो आणि लेखकाला मानधन किंवा विक्रीवर स्वामित्वधन (रॉयल्टी) देतो. दुसऱ्यात लेखक पैसे देतो, पण पुस्तकावर नाव प्रकाशनसंस्थेचे असते. तिसऱ्यात लेखक स्वतःच प्रकाशक असतो. स्वयंप्रकाशन या संज्ञेने काटेकोरपणे तिसराच मार्ग दर्शवला जातो. बोलण्यात दुसऱ्या मार्गालाही स्वयंप्रकाशन म्हटले जाते आणि नवोदित लेखकांची सर्वाधिक फसगत या सरमिसळीतून होते. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहणे पुरेसे असते: छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या आहेत, आयएसबीएन कोणाच्या नावावर आहे आणि पुढील आवृत्ती काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘लेखक’ असे येत असेल तरच ते स्वयंप्रकाशन ठरते.

अनेक लेखक घराचे, आईवडिलांचे किंवा गावाचे नाव देऊन स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढतात आणि तिच्या नावाने एखाद-दुसरेच पुस्तक प्रसिद्ध करतात. काही पुस्तकांच्या श्रेयपानावर प्रकाशक म्हणून पत्नीचे, पतीचे किंवा मुलाचे नाव आढळते. व्यवहारतः हीदेखील स्वयंप्रकाशनेच होत.

## इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहारात लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांच्या भूमिका आजच्याइतक्या वेगळ्या झालेल्या नव्हत्या. ग्रंथकाराने छापखान्याशी परस्पर व्यवहार करणे आणि वर्गणीदार किंवा आश्रयदाते मिळवून खर्च भागवणे ही सामान्य रीत होती. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. त्यांचाच ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला होता, पण तो त्यांच्या हयातीत संपूर्ण छापून निघू शकला नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हे त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, त्यांचे दत्तकपुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले. प्रस्थापित मताविरुद्ध लिहिणाऱ्यांसाठी स्वतःच्या खर्चाने छापणे हा बहुधा हौसेचा भाग नव्हता. दुसरा मार्गच उपलब्ध नसे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे इंग्रजी पुस्तक. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांना देऊ केले होते. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळाने त्यातील काही भागांना हरकत घेतली. आंबेडकरांनी मजकूर बदलण्यास नकार दिला आणि परिषद रद्द झाली. त्यानंतर त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. पुस्तकाची किंमत आठ आणे होती. महात्मा गांधी यांनी ‘हरिजन’मध्ये या पुस्तकाचा परामर्श घेताना किंमत कमी करावी, असे सुचवले होते. पुस्तकाच्या आशयावरील या गाजलेल्या वादाच्या आरंभी किमतीचा प्रश्न आलेला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

मोठ्या ग्रंथप्रकल्पांनाही हाच मार्ग पत्करावा लागला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी २३ खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपूर येथे भागभांडवलावर चालणारी मंडळी स्थापन केली, आगाऊ वर्गणीदार मिळवले आणि छपाईची व्यवस्थाही स्वतः उभी केली. खर्चाची तजवीज आधी आणि छपाई नंतर, हा त्यांचा क्रम आजच्या लोकवर्गणीच्या पद्धतीशी मिळताजुळता आहे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले आणि आर्थिक ओढाताण सोसून, जवळजवळ एकहाती चालवले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघुनियतकालिकांच्या चळवळीने स्वयंप्रकाशनाला वेगळी प्रतिष्ठा दिली. प्रस्थापित मासिके आणि प्रकाशनसंस्था यांच्या अभिरुचीला नकार देणाऱ्या कवी-लेखकांनी चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) अंक काढले. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ ही त्यांतील काही नावे. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था सुरू केली. कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह तिच्यातर्फेच निघाला आणि पुढे त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. एकट्याने खर्च पेलण्याऐवजी समानधर्मी लेखकांनी एकत्र येऊन छोटी संस्था चालवणे, हा स्वयंप्रकाशनाचा एक टिकाऊ प्रकार आहे. मराठीत त्याचा पुरेसा उपयोग झालेला नाही.

इतर भाषांतही अशी उदाहरणे आहेत. वॉल्ट व्हिटमन यांनी ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती १८५५ मध्ये स्वतः काढली. बीट्रिक्स पॉटर यांनी ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’च्या २५० प्रती १९०१ मध्ये खासगीरीत्या छापून घेतल्या, पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने ते पुस्तक स्वीकारले. अशी उदाहरणे होतकरू लेखकांना वारंवार सांगितली जातात. मात्र ती अपवाद म्हणून लक्षात राहिलेली आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

## संपादन आणि निर्मिती

स्वयंप्रकाशित पुस्तकांविषयीची सर्वांत जुनी आणि बहुतांशी रास्त तक्रार म्हणजे त्यांवर संपादकाचा हात फिरलेला नसतो. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत. संपादक पुस्तकाची रचना, पुनरुक्ती, तथ्ये आणि सूर पाहतो. कोणते प्रकरण गाळावे हे सांगण्याचा अधिकार त्याला असतो. मुद्रितशोधक शुद्धलेखन, विरामचिन्हे, पृष्ठक्रमांक आणि शीर्षकांतील सुसंगती तपासतो. मित्रांना किंवा शिक्षकांना हस्तलिखित वाचायला देणे उपयुक्त असले तरी ते संपादनाची जागा घेऊ शकत नाही, कारण स्नेह्यांना लेखकाला दुखवायचे नसते. खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती कागदाचा दर्जा, बांधणी किंवा प्रकाशन समारंभ यांत करता येते. संपादनात केलेली काटकसर मात्र पुस्तकाच्या प्रत्येक पानावर दिसत राहते.

मराठी अक्षरजुळणीचे काही प्रश्न खास आहेत. मुद्रणव्यवसायात दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व प्रणाली वापरात होत्या आणि काही ठिकाणी त्या अजूनही वापरल्या जातात. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मजकूर अशा टंकांत नेताना, किंवा तेथून परत युनिकोडमध्ये आणताना, रफार, ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र आणि काही जोडाक्षरे बिघडतात. यामुळे शेवटचे मुद्रितशोधन रूपांतरानंतरच, आणि शक्यतो कागदावर छापून, करणे आवश्यक असते. दुसरा प्रश्न अक्षरवळणांचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही वळणे प्रमाण मानली आहेत. अनेक देवनागरी टंकांत मात्र ही अक्षरे हिंदीच्या वळणाने येतात. पुस्तक हौशी हातांनी जुळवलेले आहे, हे जाणत्या वाचकाला पुष्कळदा या दोन अक्षरांवरूनच कळते. टंक निवडताना तो मराठी वळणे देतो का आणि व्यावसायिक वापरासाठी त्याचा परवाना आहे का, हे दोन्ही पाहावे लागते.

पुस्तक साधारणतः सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते. पृष्ठसंख्या सोळाच्या किंवा निदान आठच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. १६३ पानांचे पुस्तक मांडणीत थोडा बदल करून १६० पानांत आणणे हे कुशल मांडणीकाराचे नेहमीचे काम असते. ऑफसेट छपाई काही शेकडा प्रतींपासून पुढे परवडते. त्याहून कमी प्रतींसाठी डिजिटल छपाई किंवा मागणीनुसार छपाई सोयीची असते. तिच्यात प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण घरात गठ्ठे पडून राहत नाहीत.

## खर्च, प्रतिसंख्या आणि किंमत

स्वयंप्रकाशनातील बहुतेक आर्थिक चुका दोन निर्णयांत होतात: किती प्रती छापायच्या आणि किंमत किती ठेवायची. पुढील हिशेबातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्यक्षातील दर गाव, कागद आणि काळ यांनुसार बदलतात.

समजा, १६० पानांच्या पुस्तकाच्या संपादन व मुद्रितशोधनाला १०,००० रुपये, अक्षरजुळणी व मांडणीला ८,००० रुपये आणि मुखपृष्ठाला ५,००० रुपये लागले. हा २३,००० रुपयांचा खर्च एकदाच करावा लागतो आणि तो प्रतिसंख्येवर अवलंबून नसतो. ५०० प्रतींचा कागद, छपाई व बांधणी यांना प्रतीमागे ६४ रुपयांप्रमाणे ३२,००० रुपये लागले, तर एकूण खर्च ५५,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ११० रुपये होतो. छापील किंमत २२० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १३२ रुपये येतात. याचा अर्थ, घातलेले पैसे परत मिळण्यासाठी ४१७ प्रती विकाव्या लागतात. अभिप्रायासाठी, ग्रंथालयांत जमा करण्यासाठी आणि भेटीदाखल ५० प्रती गेल्या, तर उरलेल्या ४५० पैकी जवळजवळ सर्व प्रती विकल्या गेल्यावरच खर्च भरून निघतो. त्या सर्व विकल्या तरी हाती उरतात ४,४०० रुपये.

आता मुद्रकाच्या सांगण्यावरून १,००० प्रती छापल्या आणि प्रतीमागे छपाईखर्च ५० रुपयांवर आला, असे मानू. एकूण खर्च ७३,००० रुपये होतो आणि प्रतीमागे तो ११० वरून ७३ रुपयांवर उतरतो. लेखकाला यात फायदा दिसतो. परंतु मुद्दल वसूल होण्यासाठी आता ४१७ ऐवजी ५५४ प्रती विकल्या जायला हव्यात. ज्याच्या ओळखीच्या वर्तुळात तीनशे वाचक आहेत, त्याच्यासाठी प्रतीचा खर्च कमी होणे आणि तोट्याची शक्यता वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. म्हणून पहिली आवृत्ती लहान ठेवणे आणि मागणी पाहून पुनर्मुद्रण करणे हा सावध मार्ग मानला जातो. पुनर्मुद्रणात तो एकदाच होणारा खर्च पुन्हा येत नाही. वरील उदाहरणात ५०० प्रतींच्या दुसऱ्या छपाईला ३२,००० रुपयेच लागतील आणि २४३ प्रती विकल्यावर ते वसूल होतील. स्वयंप्रकाशित पुस्तक खऱ्या अर्थाने पैसे मिळवू लागते ते दुसऱ्या छपाईपासून.

मध्यस्थ टाळून थेट विक्री केली की सवलतीचे पैसे वाचतात, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वाचकाला २० टक्के सवलत देऊन १७६ रुपयांना प्रत विकली आणि वेष्टन व टपाल यांसाठी ४० रुपये खर्च झाले, तर हाती १३६ रुपये राहतात, म्हणजे दुकानातून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जेमतेम चार रुपये अधिक. पत्ते लिहिणे, गठ्ठे बांधणे आणि टपाल कचेरीत जाणे यांचे श्रम या हिशेबात धरलेले नाहीत. थेट विक्रीचा खरा लाभ व्याख्यान, स्नेहसंमेलन किंवा ग्रंथप्रदर्शन येथे हातोहात विकल्या जाणाऱ्या प्रतींत असतो.

छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर लागत नाही. मात्र लेखक ज्या सेवा विकत घेतो, त्यांच्या देयकांत कर अंतर्भूत असू शकतो. किमतीऐवजी ‘स्वागतमूल्य’ किंवा ‘देणगीमूल्य’ छापण्याची प्रथा चळवळींच्या आणि संस्थांच्या पुस्तकांत आढळते. विक्रीसाठी काढलेल्या पुस्तकावर मात्र स्पष्ट मूल्य छापलेले नसल्यास विक्रेते आणि ग्रंथालये यांच्याशी व्यवहार करताना अडचण येते.

## वितरण

प्रकाशक लेखकासाठी जे काम करतो त्यातील सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वितरण. प्रकाशकाकडे विक्रेत्यांची साखळी, फिरते प्रतिनिधी आणि उधारी सांभाळण्याची ताकद असते. एकच पुस्तक असलेल्या लेखकाला ती उभी करता येत नाही. विक्रेते पुस्तके बहुधा ‘विक्री किंवा परत’ या बोलीवर ठेवतात. प्रती दुकानात गेल्या म्हणजे विकल्या गेल्या, असे होत नाही. प्रत्येक दुकानाकडून पोच घेणे, ठरावीक काळाने हिशेब करणे आणि न विकलेल्या प्रती परत आणणे यांची नोंदवही न ठेवणाऱ्या लेखकाला वर्षाअखेरीस किती प्रती कुठे आहेत, हे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालये हा पुस्तकखरेदीचा मोठा आधार आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली असून त्यांना शासकीय अनुदान मिळते. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीत पुस्तकाचा समावेश झाल्यास खरेदीची शक्यता वाढते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही पुस्तकखरेदीसाठी साहाय्य करते. ग्रंथालयांशी व्यवहार करताना रीतसर देयक द्यावे लागते आणि प्रकाशनसंस्थेच्या नावाने आलेला धनादेश वटवण्यासाठी त्या नावाचे बँक खाते असावे लागते. या साध्या बाबीमुळे अनेक लेखकांची पहिली रक्कम अडकून पडते.

पुस्तके टपालाने पाठवण्यासाठी भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक स्वरूपाच्या मुद्रित पुस्तकांसाठी ती आहे. आपले पुस्तक तिच्या अटींत बसते का, हे आधी टपाल कचेरीत विचारून घेणे इष्ट असते.

दुकाने आणि ग्रंथालये यांपलीकडे वितरणाची एक निराळी परंपराही आहे. ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची प्रचंड विक्री होते. तेथे मोठ्या संस्थांच्या ग्रंथांबरोबर छोट्या प्रकाशकांच्या आणि लेखक-कार्यकर्त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका मांडलेल्या असतात. किंमत कमी, पाने थोडी आणि खरेदीदार लांबून मुद्दाम आलेला, असे हे गणित आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनातही गाळा घेता येतो. एकेका पुस्तकासाठी त्याचे भाडे परवडत नसल्याने काही लेखक मिळून गाळा घेतात.

## आयएसबीएन आणि कायदेशीर बाबी

आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक (आयएसबीएन) भारतात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत दिला जातो. तो विनामूल्य असतो आणि लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करून मिळवता येतो. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात. केवळ पुनर्मुद्रण असल्यास जुनाच क्रमांक चालतो, मात्र मजकुरात लक्षणीय बदल केलेल्या नव्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो. आयएसबीएन ही केवळ ओळख आहे. त्यामुळे पुस्तकाला शासकीय मान्यता मिळते, दर्जा सिद्ध होतो किंवा स्वामित्वहक्क प्राप्त होतो, हे समज चुकीचे आहेत.

स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लेखन पूर्ण होताच आपोआप निर्माण होतो. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. दुसऱ्यांच्या कविता, चित्रपटगीते, छायाचित्रे आणि पत्रे पुस्तकात घेताना मात्र संबंधितांची लेखी परवानगी लागते. प्रकाशक नसल्याने याची जबाबदारीही लेखकावरच येते. मुखपृष्ठकाराशी झालेला व्यवहारही लेखी असावा. पुढील आवृत्ती, ई-पुस्तक आणि जाहिरात यांत ते चित्र वापरता येईल का, हा प्रश्न नंतर उपस्थित होतो.

## सशुल्क प्रकाशन आणि करार

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या संस्था सर्वच भाषांत आहेत. छपाई, मांडणी आणि आयएसबीएन मिळवून देण्याची सेवा ठरलेल्या दराने देणे यात गैर काही नाही. विनामूल्य मिळणाऱ्या आयएसबीएनसाठी वेगळी रक्कम आकारणे, ‘देशभर वितरण’ या शब्दांत केवळ एका संकेतस्थळावरील नोंद खपवणे, किती प्रती छापल्या याचा पुरावा न देणे आणि पैसे घेऊनही हक्क स्वतःकडे ठेवणे, या गोष्टी मात्र लेखकाच्या हिताविरुद्ध जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण देण्यात आले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकांना महत्त्व आले. त्यानंतर अशा सेवांना महाविद्यालयीन अध्यापकांत हक्काचा ग्राहकवर्ग मिळाला.

कराराबाबत कायदा लेखकाला बऱ्यापैकी संरक्षण देतो, पण त्याची माहिती फारशी नसते. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात दिले, हे नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. त्यामुळे छापील पुस्तकाच्या करारात ‘सर्व माध्यमे’ असे मोघम शब्द आढळल्यास ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचा विचार वेगवेगळा करून घ्यावा लागतो. निर्मितीचा खर्च लेखक करणार असेल, तर यांपैकी कोणताही हक्क कायमचा देण्याचे सबळ कारण सहसा नसते. पानांच्या मांडणीच्या आणि मुखपृष्ठाच्या मूळ धारिका लेखकाला मिळतील, हेही करारात असावे. त्या नसल्यास दुसऱ्या छपाईच्या वेळी सर्व काम नव्याने करावे लागते.

पैशांची अडचण असलेल्या नवोदितांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्यातून पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी साहाय्य दिले जाते. हस्तलिखितांची निवड होत असल्याने त्यानिमित्ताने तटस्थ परीक्षणही होते.

## ई-पुस्तके

अ‍ॅमेझॉनच्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ या सेवेत मराठी ई-पुस्तके लेखकाला स्वतः प्रसिद्ध करता येतात. तेथे स्वामित्वधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के दर हवा असल्यास पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते आणि त्या ९० दिवसांच्या मुदतीत त्याची डिजिटल प्रत अन्यत्र, स्वतःच्या संकेतस्थळावरही, देता येत नाही. प्रतिलिपीसारख्या मंचांवर कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होतात, तर ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके विनामूल्य वितरित करते. परदेशातील मराठी वाचकाला टपालखर्चाशिवाय पुस्तक मिळते, हा ई-पुस्तकाचा उघड लाभ आहे. कवितेच्या ओळी लहान पडद्यावर कुठेही तुटतात, ही त्याची अद्याप न सुटलेली अडचण आहे.

## जतन

१९५४ च्या ग्रंथप्रदान (सार्वजनिक ग्रंथालये) कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने, म्हणजेच स्वयंप्रकाशित पुस्तकाच्या लेखकानेही, प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, मुंबईच्या नगरभवनातील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हे न केल्यास होणारा दंड नाममात्र, म्हणजे पन्नास रुपयांपर्यंत व पुस्तकाच्या किमतीइतका आहे. त्यामुळे आणि मुख्यतः अज्ञानामुळे हा नियम सर्रास दुर्लक्षिला जातो. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यात पुस्तकांच्या नोंदणीची तरतूद होती. त्याची जागा १ मार्च २०२४ पासून घेतलेल्या नव्या कायद्यात फक्त नियतकालिकांचा विचार असून पुस्तके वगळली आहेत. साहजिकच १९५४ च्या कायद्यानुसार जमा होणाऱ्या प्रतींचे महत्त्व वाढले आहे.

या तरतुदीचे मोल मजकूर दुर्मीळ झाल्यावर कळते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केल्यावर स्त्रीवादी विचारांच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले. घराण्यांच्या मंडळांनी वर्गणी काढून छापलेले कुलवृत्तान्त, निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले गावांचे इतिहास, गिरणी कामगारांची आणि कार्यकर्त्यांची आत्मकथने यांच्या प्रती मुळातच थोड्या असतात आणि त्या आप्तेष्टांत वाटल्या जातात. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना अशी पुस्तके पुढे पुष्कळदा रद्दीच्या दुकानांत किंवा पदपथावरील विक्रेत्यांकडे शोधावी लागतात. वरील चार ग्रंथालयांखेरीज जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि पुस्तकाचा विषय असलेल्या गावातील वाचनालय यांना प्रत्येकी एक प्रत दिल्यास सात प्रती सार्वजनिक संग्रहांत राहतात.